पिझो चकतीने भूकंप पकडता येईल का?

प्रश्न असा आला आहे: इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाचा चौघांचा गट आहे. बझरमध्ये असते तसली २७ मिलिमीटरची पिझो चकती (दाबली की वीजभार सोडणाऱ्या पदार्थाची) फरशीखाली चिकटवायची, जमीन हादरली की भोंगा वाजवायचा आणि एरवी लोकांच्या पावलांतून वीज साठवायची, असा प्रकल्प ठरलाय. मार्गदर्शक सर म्हणतात पेटंट टाका. मुलं विचारतात, हे चालेल का? आणि पिझोला कंपन इतकं छान कळतं, तर वेधशाळेतल्या भूकंपमापकात तो का नसतो?

माझी नोकरी जमिनीत आणि समुद्रात लहरी सोडून त्यांचे प्रतिध्वनी टिपणाऱ्या यंत्रांवर गेली, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाला जरा जास्त जागा देणार आहे. बाकीच्यांची उत्तरं आधीच देऊन टाकतो. भोंगा नक्की वाजेल. मात्र तो भूकंपाने वाजला, टेम्पो गेला म्हणून वाजला की शेजारच्यांनी दार आपटलं म्हणून वाजला, हे तुमच्या सर्किटला कळणार नाही. वीज निघेल, पण मोबाइल चार्ज होण्याइतकी नाही. आणि आत्ता आहे त्या रूपात पेटंट मिळणार नाही.

आता आकडे मांडू, कारण या विषयात शब्दांनी होणारा वाद आकड्यांनी दोन मिनिटांत संपतो. लांबच्या एखाद्या लहान भूकंपाने तुमच्या पायाखालची जमीन १ हर्ट्झने हलतेय आणि तिचा वेग सेकंदाला १ मायक्रोमीटर आहे असं धरा. या हालचालीचं त्वरण येतं सेकंदवर्गाला ६.३ मायक्रोमीटर. पिझो पदार्थाला वेग कळत नाही, त्याला कळतं बल. म्हणून चकतीवर १० ग्रॅमचं वजन चिकटवलं, तर त्या वजनाच्या जडत्वामुळे चकतीवर पडणारं बल होतं एका न्यूटनचा साधारण १.६ कोटीवा भाग. चांगल्या पीझेडटी सिरॅमिकमध्ये, म्हणजे अशा चकत्यांच्या नेहमीच्या पिझो पदार्थात, एका न्यूटनला सुमारे ४०० पिकोकुलोम विद्युतभार निघतो. गुणाकार करा. हाती येतात दीडशेच्या आसपास इलेक्ट्रॉन. चकतीची धारिता (कपॅसिटन्स) साधारण २० नॅनोफॅरड असते, म्हणजे व्होल्टेज सव्वा नॅनोव्होल्ट. सरळ दाबण्याऐवजी चकती वाकवली की भार बराच वाढतो हे खरं आहे. तो पन्नास पट वाढला असं उदारपणे धरलं तरी आपण साठ-सत्तर नॅनोव्होल्टवरच अडकतो.

याच जमिनीवर आता एक साधा जिओफोन ठेवा. जिओफोन म्हणजे स्प्रिंगला टांगलेली तारेची कॉइल आणि तिच्या मध्ये कायमचुंबक. जमीन हलते, चुंबक डब्याबरोबर हलतो, कॉइल जडत्वाने मागे राहते आणि तारेत व्होल्टेज तयार होतं. नेहमीच्या जिओफोनची संवेदनशीलता सेकंदाला १ मीटर वेगाला सुमारे २८ व्होल्ट असते. १ मायक्रोमीटर वेगाला झाले २८ मायक्रोव्होल्ट. ४.५ हर्ट्झ नैसर्गिक वारंवारतेचा जिओफोन १ हर्ट्झवर बराच मंदावतो, साधारण विसाव्या हिश्शावर येतो, तरी १.४ मायक्रोव्होल्ट हातात राहतात. तुमच्या वाकवलेल्या चकतीच्या वीसेक पट, आणि तेही जिओफोनच्या पडत्या काळात! शिवाय कॉइलचा रोध जेमतेम पावणेचारशे ओहम असल्याने हा सिग्नल लांब केबलवरून बिनधास्त नेता येतो. पिझोचा सिग्नल एवढा नाजूक की केबल नुसती हलली तरी तिच्यात तेवढाच खोटा सिग्नल तयार होतो.

म्हणजे दोष पिझोचा नाही, तो चुकीच्या वारंवारतेवर कामाला लावण्याचा आहे. त्वरण हे वेग आणि वारंवारता यांच्या गुणाकाराने वाढतं. त्याच १ मायक्रोमीटर वेगाने एखादं बेअरिंग १००० हर्ट्झने थरथरत असेल, तर त्वरण आपल्या उदाहरणाच्या हजारपट होतं आणि चकती खणखणीत बोलू लागते. भूकंपाची मुख्य ऊर्जा असते ती दशांश हर्ट्झपासून दहा-वीस हर्ट्झपर्यंत, नेमकी पिझो जिथे मुका असतो तिथे.

दुसरी अडचण सर्किटची. इंटरनेटवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात चकतीला समांतर १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडलेला दिसतो, मायक्रोकंट्रोलरची पिन जळू नये म्हणून. २० नॅनोफॅरड आणि १ मेगाओहम यांचा मिळून ८ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर बनतो, म्हणजे त्याखालचे कंप अडवणारी चाळणी. तुम्ही भूकंप ऐकायला बसलात आणि दारातच भूकंपाला अडवलंत. रेझिस्टर १ गिगाओहमचा केला तर सीमा हजारपट खाली सरकते, कागदावर. प्रत्यक्षात त्या पातळीवर पीसीबीवरचा बोटाचा तेलकट ठसाही रेझिस्टरसारखा वागतो, आणि कोकणातल्या जुलैच्या हवेत १ गिगाओहम टिकवून धरणं हा स्वतंत्र प्रकल्प होईल. चार्ज अँप्लिफायर, म्हणजे भाराचं सरळ व्होल्टेज करून देणारं सर्किट, वापरून यातलं बरंचसं सावरता येतं. तरी तिसरं एक दुखणं उरतं. हे पदार्थ दाबाइतकेच तापमानालाही संवेदनशील असतात. सूर्यासमोरून ढग सरकला की चकतीवर भार तयार होतो आणि पडद्यावर एक संथ, देखणी लाट उमटते. नवख्याला ती लांबच्या मोठ्या भूकंपासारखी वाटते.

इतिहासातही ही वाटणी स्पष्ट दिसते. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झ, टुर्मलिन, रोशेल सॉल्ट अशा स्फटिकांवर दाब दिला की वीजभार निघतो हे दाखवलं. पुढच्याच वर्षी लिपमन या भौतिकशास्त्रज्ञाने गणिताने सांगितलं की उलटही घडायला हवं, वीज दिली की स्फटिकाचा आकार बदलायला हवा, आणि क्युरी बंधूंनी ते तपासून खरं ठरवलं. त्यानंतर तीसेक वर्षं या शोधाला धंदा मिळाला नाही. तो मिळाला पाण्यात. १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर समुद्रातला हिमनग आवाजाने शोधण्याच्या खटपटी सुरू झाल्या. रेजिनाल्ड फेसेंडन या संशोधकाने १९१४ मध्ये प्रतिध्वनीवरून हिमनग हुडकून दाखवला. त्याचं यंत्र मात्र कॉइल-चुंबकाचं होतं, पिझोचं नव्हे. मग पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी फ्रान्स-इंग्लंडची कोंडी केली आणि पॉल लांजव्हँ या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने क्वार्ट्झचे पातळ तुकडे पोलादाच्या दोन जाड पत्र्यांमध्ये चिकटवून सुमारे ४० किलोहर्ट्झवर घुमणारा ट्रान्सड्यूसर बनवला.

या रचनेतलं पोलाद मला क्वार्ट्झपेक्षा जास्त कौतुकाचं वाटतं. एवढ्या वारंवारतेवर घुमायला नुसता क्वार्ट्झ घ्यायचा तर काही सेंटिमीटर जाडीचा, दोष नसलेला स्फटिक हवा, आणि तो उत्तेजित करायला अवाढव्य व्होल्टेज. लांजव्हँने स्फटिक पातळ ठेवला आणि जाडी पोलादाकडून घेतली. वीज-यांत्रिक काम स्फटिकाचं, घुमण्याचं काम धातूचं. आजचे अल्ट्रासॉनिक क्लीनर आणि प्लास्टिक वेल्डिंगची यंत्रं उघडून पाहा, आत हीच रचना सापडेल. फक्त क्वार्ट्झच्या जागी सिरॅमिकच्या कड्या आणि मधून एक बोल्ट. पेटंट म्हणून काय टिकतं, याचं हे चांगलं उदाहरण आहे. स्फटिक क्युरींचा होता, त्याला कामाला लावणारी बांधणी लांजव्हँची.

जमिनीवर मात्र वेगळंच चाललं होतं. त्याच युद्धात शत्रूची तोफ कुठे आहे हे आवाजावरून आणि जमिनीच्या कंपावरून शोधण्याचे प्रयोग दोन्ही बाजूंनी झाले. युद्ध संपल्यावर तीच माणसं तेलाकडे वळली. जर्मनीत लुडगर मिंट्रॉपने १९१९ मध्ये कृत्रिम स्फोटाच्या लहरींवरून खडकांचे थर ओळखण्याच्या पद्धतीचं पेटंट दाखल केलं. अमेरिकेत कार्चर आणि त्याच्या सोबत्यांनी ४ जून १९२१ रोजी ओक्लाहोमा सिटीजवळ बेल आइल इथे परावर्तित लहरी टिपण्याची पहिली चाचणी घेतली. पुढे जमिनीवरच्या सर्वेक्षणात कॉइल आणि चुंबक यांचं राज्य पक्कं झालं ते आजवर, कारण तिथे वारंवारता १० ते १०० हर्ट्झ, अंतरं किलोमीटरची, आणि यंत्र चिखलात-उन्हात फेकाफेक सोसणारं हवं. जिओफोनला वीजपुरवठाही लागत नाही.

पाण्यात जिओफोन चालत नाही, निदान तरंगत्या केबलमध्ये सहजी नाही. जमिनीत खिळा ठोकून जिओफोन उभा करता येतो. पाण्यात कशात ठोकणार? तिथे लहरीचा दाब मोजायचा असतो, आणि दाब म्हटलं की पिझो. समुद्री सर्वेक्षणाचं जहाज चार-पाच नॉटच्या वेगाने काही किलोमीटर लांब केबली ओढत जातं. त्यांच्यात हायड्रोफोनचे, म्हणजे पाण्यातला दाब टिपणाऱ्या पिझो संवेदकांचे, गट ओळीने बसवलेले असतात आणि एअरगनच्या (दाबलेली हवा एकदम सोडणाऱ्या यंत्राच्या) दर धमाक्याला ते समुद्रतळाखालून परतलेला दाब टिपतात. मुंबई हायची समुद्रतळाखालची खडकरचना १९६० च्या दशकातल्या समुद्री भूकंपीय सर्वेक्षणातून पुढे आली आणि १९७४ मध्ये सागर सम्राट या तेलविहीर खोदणाऱ्या रिगने तिथे विहीर खणून तेल काढलं.

हायड्रोफोनच्या पोटातली एक युक्ती तुम्ही पाहायलाच हवी. ओढल्या जाणाऱ्या केबलला सतत हिसके बसतात. पिझो चकतीला स्वतःचं वजन असल्यामुळे हिसक्यानेही ती भार सोडते, आणि हा भार खऱ्या सिग्नलपेक्षा कितीतरी मोठा. उपाय असा की दोन सारख्या चकत्या पाठीला पाठ लावून बसवायच्या. दाब दोघींनाही आत ढकलतो, म्हणून त्यांचे भार मिळवले जातात. हिसका एकीला आत आणि दुसरीला बाहेर वाकवतो, म्हणून ते भार एकमेकांना खातात. कुठला फिल्टर नाही, कुठलं सॉफ्टवेअर नाही, नुसती तारांची जोडणी. तुमच्या फरशीच्या प्रकल्पात असा एक जरी विचार असता तर मी सरांच्या बाजूने बोललो असतो.

याच्याही पुढची गंमत दाब आणि वेग एकत्र मोजण्यात आहे. खालून येणारी लहर हायड्रोफोनला भेटून वर जाते, पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून उलटी होते आणि परत खाली येऊन त्याच हायड्रोफोनला पुन्हा भेटते. केबल ८ मीटर खोल असेल तर ९४ हर्ट्झच्या आसपास मूळ लहर आणि ही वरून आलेली नक्कल एकमेकींना पुसून टाकतात. तेवढी वारंवारता नोंदीतून गायब. दाबाला दिशा नसते, त्यामुळे हायड्रोफोनला खालून आलेली आणि वरून आलेली लहर वेगळी सांगता येत नाही. वेगाला दिशा असते. समुद्रतळावर ठेवलेल्या केबलीत हायड्रोफोन आणि जिओफोन शेजारी-शेजारी बसवून दोघांच्या नोंदी योग्य प्रमाणात मिळवल्या, की वर जाणारी लहर दुप्पट होते आणि खाली येणारी नक्कल विझते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ही कल्पना रुजली आणि २००७ मध्ये ओढायच्या केबलीतही दोन्ही संवेदक आले. पिझो की कॉइल, या तुमच्या प्रश्नाचं समुद्राने दिलेलं उत्तर ‘दोन्ही’ असं आहे, कारण दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

वेधशाळेतला भूकंपमापक या दोन्हींपासून दूर गेलाय. आधुनिक ब्रॉडबँड यंत्रात, म्हणजे अगदी संथ ते जलद असे सगळे कंप टिपणाऱ्या यंत्रात, वजन मोकळं हलू देत नाहीत. ते किंचित सरकलं की कपॅसिटरच्या पट्ट्यांवरून ते कळतं आणि कॉइलमध्ये प्रवाह सोडून त्याला तिथल्या तिथे धरून ठेवलं जातं. धरून ठेवायला किती जोर लागला, तीच नोंद. तुमच्या मोबाइलमधला त्वरणमापकही सिलिकॉनच्या सूक्ष्म पट्ट्यांचा कपॅसिटरच असतो. चांद्रयान-३ च्या लँडरवरचं इल्सा हे उपकरण असंच सिलिकॉनमध्ये कोरलेल्या त्वरणमापकांचं होतं. रोव्हर चालल्याचे कंप त्याने टिपले, शिवाय २६ ऑगस्ट २०२३ ला एक नैसर्गिक वाटणारी घटनाही. जुन्या काळी तर इलेक्ट्रॉनिक्सही लागत नसे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या गॅलरीतल्या यंत्राने ०.६३ जी (गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट) एवढं त्वरण प्रकाशकिरणाने फोटोच्या कागदावर उमटवलं. जगभरच्या धरण-अभियंत्यांनी ती नोंद पुढे किती वापरली याला गणती नाही.

वीजनिर्मितीचं लवकर उरकतो. ५०० न्यूटनचं पाऊल सरळ सिरॅमिकवर पडलं तर भार निघतो ०.२ मायक्रोकुलोम, २० नॅनोफॅरडवर १० व्होल्ट, ऊर्जा १ मायक्रोज्यूल. चकती वाकवून ५० व्होल्ट काढलेत तर २५ मायक्रोज्यूल. १ वॅटचा दिवा एक सेकंद लावायला अशी ४० हजार पावलं हवीत, आणि तीही मधल्या सर्किटने काही न खाता. व्हिडिओत एलईडी लुकलुकतात ते खोटं नसतं. क्षणभराच्या लुकलुकीला इतकी ऊर्जा पुरते, आणि बघणारा मनातल्या मनात तिला सेकंद-तासांनी गुणतो. स्वयंपाकघरातल्या गॅस लायटरमध्येही पिझोच असतो आणि त्याची ठिणगी काही हजार व्होल्टची असते, पण ठिणगीच. तिच्यावर चहा होत नाही, ती गॅस पेटवते. पिझो-वीज खरी उपयोगी पडते ती जिथे तारा नेता येत नाहीत आणि भूक मायक्रोवॅटांचीच आहे अशा संवेदकांना, किंवा बॅटरीशिवाय एखादा छोटा रेडिओ-संदेश पाठवणाऱ्या बटणाला.

भोंग्याबद्दल मात्र गंभीरपणे बोलायला हवं, कारण इथे लोकांच्या जिवाचा प्रश्न आहे. भूकंपाची पहिली लहर, प्राथमिक लहर, कवचातून सेकंदाला साधारण ६ किलोमीटरने येते आणि नुकसान करणारी दुय्यम लहर साडेतीन किलोमीटरने. दर ८.४ किलोमीटर अंतराला एक सेकंद फरक पडतो. कोयनेपासून सातारा सुमारे ४० किलोमीटर आहे, म्हणजे तिथे पाच सेकंद. पुणे सव्वाशेच्या आसपास, म्हणजे पंधरा सेकंद. खुद्द कोयनानगरात जवळजवळ शून्य. म्हणजे जिथे हादरा सर्वांत जोराचा, तिथे घरातला भोंगा हादऱ्याबरोबरच वाजणार. १९९३ च्या किल्लारीत पहाटे चारच्या सुमारास लोक दगड-मातीच्या घरांत झोपेत होते आणि भूकंप थेट पायाखाली होता. तिथे चकतीचा भोंगा काय करणार होता?

इशारा द्यायचा तर संवेदक केंद्राजवळ आणि भोंगा लांब असावा लागतो. मधला संदेश रेडिओने किंवा तारेने जातो, तो लहरीपेक्षा कितीतरी वेगवान असल्यामुळेच हा सगळा खेळ जमतो. जपानने ऑक्टोबर २००७ पासून सर्वसामान्यांना असे इशारे द्यायला सुरुवात केली. उत्तराखंडात आयआयटी रुरकीच्या संवेदक-जाळ्यावरचं ॲप २०२१ मध्ये आलं. अँड्रॉइड फोनवरची सूचना-सेवा भारतात २०२३ मध्ये सुरू झाली. तीत हजारो फोनच संवेदक बनतात. या सर्वांत समान काय, तर एका संवेदकावर कुणीच विश्वास ठेवत नाही. प्रत्येक ठिकाणी गेल्या अर्ध्या-एक सेकंदाची सरासरी हालचाल आणि गेल्या अर्ध्या मिनिटाची सरासरी यांचं गुणोत्तर काढतात, ते उंबरठा ओलांडून गेलं तर ‘काहीतरी झालं’ असं मानतात, आणि शेजारच्या ठिकाणीही लहरीच्या वेगाला शोभेल अशा अंतराने तेच झालं तरच पुढे जातात. शेजारच्यांचं दार तुमच्या चकतीला हलवतं, पाच किलोमीटरवरच्या चकतीला नाही. म्हणून भोंगा करायचाच असेल तर एक भारी संवेदक नको, चार हलके संवेदक चार वेगळ्या इमारतींत लावा, आणि घड्याळं जीपीएसने जुळवून घ्या.

पेटंटचं थोडक्यात. फरशीखालचा पिझो आणि कंपनावर वाजणारा भोंगा, दोन्ही जगभर इतक्या वेळा जाहीर झालं आहे की परीक्षकाला शोधायला पाच मिनिटं पुरतील. आपल्या १९७० च्या कायद्यात गणिती पद्धत किंवा नुसता संगणक-प्रोग्राम यांवर पेटंट मिळत नाही, त्यामुळे ‘आमचा अल्गोरिदम वेगळा’ एवढ्याने भागत नाही. पुढेमागे खरंच काही नवं सापडलं, तर ते कॉलेजच्या प्रदर्शनात किंवा यूट्यूबवर दाखवण्याआधी तात्पुरतं विवरणपत्र दाखल करा. पूर्ण विवरणपत्रासाठी त्यानंतर १२ महिने मिळतात. आधी दाखवलंत की नावीन्य तुम्हीच मोडून टाकता.

मग या चकत्यांचं करायचं काय? पिझो जिथे राजा आहे तिथे जा, म्हणजे किलोहर्ट्झमध्ये आणि त्याच्या वर. जुन्या इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये काँक्रीटमधून ५४ किलोहर्ट्झच्या आसपासचा स्पंद आरपार पाठवून वेग मोजतात. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर गेला तर काँक्रीट उत्तम, फारच कमी आला तर संशयास्पद. यंत्र महाग असतं आणि खरी डोकेदुखी असते ती प्रोब (यंत्राचा भिंतीला टेकवायचा भाग) आणि खडबडीत प्लास्टर यांच्या मधल्या हवेची. हवेचा पातळसा पापुद्राही आवाज अडवतो, म्हणून ग्रीस चोपडावं लागतं. ग्रीसशिवाय दर वेळी सारखाच बसणारा प्रोब कुणी बनवला, तर मुंबई-पुण्यातले ऑडिट करणारे अभियंते तो हातोहात घेतील असं मला वाटतं.

आणि तुमचा गट गावाकडचा असेल तर मी दुसरंच सुचवेन: विहिरीसाठी कठीण खडकाची खोली मोजणारं स्वस्त यंत्र. यात पिझो आणि जिओफोन दोघांनाही आपापलं योग्य काम मिळतं. जमिनीवर पोलादी पाटी ठेवून घणाचा ठोका मारायचा आणि लहर किती मिलिसेकंदांनी पोचली ते अंतरागणिक मोजायचं. ठोका नेमका कधी पडला हे सांगायला घणाच्या दांड्यावर चिकटवलेली तुमची पिझो चकती अगदी फर्मास. तिथे तिला मोठा, तीक्ष्ण, उच्च वारंवारतेचा धक्का मिळतो. लहर पोचल्याचं सांगायला जिओफोन. व्यावसायिक मंडळी २४ जिओफोन पसरतात, पण तुम्हाला एक पुरेल. जिओफोन जागेवर ठेवा आणि घण दर पाच मीटरवर पुढे न्या. इथून तिथे आणि तिथून इथे लहरीला सारखाच वेळ लागतो, त्यामुळे अंतर आणि वेळ यांचा जवळपास तोच आलेख मिळतो. नमुने सेकंदाला किमान चार हजार घ्या, कारण टणक बेसॉल्टमध्ये लहर सेकंदाला पाच किलोमीटरने धावते आणि पाच मीटरला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो. कोरड्या मातीत हाच वेग तीन-पाचशे मीटर आणि मुरमात हजाराच्या आसपास असतो. आलेखाचा चढ जिथे मोडतो तिथून खोली काढायची. ओळीची लांबी हव्या त्या खोलीच्या चार-पाचपट ठेवा.

दख्खनच्या पठारावर या पद्धतीची एक मोठी मर्यादा आहे आणि ती शेतकऱ्याला आधी सांगितलीच पाहिजे. ही पद्धत वेग खोलीबरोबर वाढतच जातो असं गृहीत धरते. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक आहेत. टणक पाषाणाखाली सच्छिद्र, भेगाळ खडक किंवा दोन थरांमधली तांबडी मातकट पट्टी, तिच्याखाली पुन्हा टणक पाषाण. कोयनेजवळ गोठण्याला जे तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं, त्यात सुमारे सव्वा किलोमीटर नुसते हे थर लागले, मग ग्रॅनाइट. टणक थराखालचा मऊ थर या पद्धतीला दिसत नाही, कारण तिथून लहर वर वळून येत नाही. आणि पाणी बहुतेक वेळा तिथेच असतं! म्हणून ‘कठीण खडक अमुक फुटांवर लागेल, तिथवर खोदाईला सुरुंग लागणार नाही’ एवढंच यंत्राने सांगावं, ‘पाणी अमुक फुटांवर’ हे कधीच सांगू नये. पृष्ठभागावरून पसरणाऱ्या लहरींचा वेग वारंवारतेप्रमाणे कसा बदलतो ते पाहून मऊ थराची थोडीफार चाहूल लागते, पण त्याला जास्त जिओफोन आणि घट्ट गणित लागतं. ते पुढच्या तुकडीला ठेवा.

शेतात जाताना काही गोष्टी सांभाळा. उन्हाळ्यात काळ्या मातीला भेगा पडतात, वरचा सैल थर फावड्याने काढून जिओफोनचा खिळा खालच्या घट्ट मातीत दाबा. पाषाण उघडा असेल तर खिळा जात नाही, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या गोळ्यात जिओफोन बसवा. वाऱ्याने गवताची पाती जिओफोनवर आपटत असतील तर उपटून टाका, नाहीतर तोच तुमचा भूकंप. शेजारच्या बांधावरचा पंप बंद ठेवायची विनंती करा. एका जागी एकाच ठोक्यावर थांबू नका: सोळा ठोक्यांच्या नोंदी मिळवल्या की गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल चौपट होतो. आणि पहिली चाचणी घ्यायची ती एखाद्या उघड्या, न बांधलेल्या विहिरीपासून थोड्या अंतरावर, कारण तिच्या भिंतीत माती, मुरूम आणि पाषाण कुठे सुरू होतात ते टेपने मोजता येतं आणि आलेखाशी लगेच ताडून पाहता येतं.